अकरा साक्षीदार आणि अण्णांची सही

मला ज्या पत्राचे उत्तर देता येत नव्हते ते माझ्या वडिलांचे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते ब्राउनश्वाइगला माझ्या खोलीवर आले आणि पुढचे सात आठवडे टेबलावर शाईच्या दौतीखाली पडून राहिले. अक्षर वहिनीचे होते, मजकूर अण्णांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आल्याने त्यांना लिहिता येत नव्हते. मजकूर आठ-दहा ओळींचाच होता, तो असा. देवस्थानची मंडळी महापुराच्या वेळची हकिगत पुन्हा छापणार आहेत. सह्या करणाऱ्या पाचांपैकी मी एकटा उरलो आहे. या वेळी माझे निवेदन वेगळे द्यायचे आहे असे मी त्यांना कळवले आहे. ते तू लिहून पाठव. पुढे एक वाक्य होते. ‘तू लिहिशील त्यावर मी सही करीन, आणि मी काही पाहिले नाही असे तुला वाटत असेल तर तसे लिही.’ दत्तजयंतीच्या आत यावे, एवढीच मुदत होती.

या वाक्याचे कारण मला माहीत होते. आमचे गाव कृष्णाकाठी आहे. मी शाळेत जाण्याआधीच्या एका श्रावणात, दुपारच्या वेळी, दत्ताच्या देवळात पाच माणसे बसलेली असताना आठ वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेले महाराज येऊन पायरीवर बसले, खालच्या आळीतली माणसे वर आणा असे म्हणाले आणि उठून गेले. माणसे वर आणली गेली. संध्याकाळी पाणी खालच्या आळीच्या छपरांपर्यंत चढले. पाचही जणांनी सह्या केलेला कागद देवळात चौकटीत लावलेला आहे. त्यातली तिसरी सही अण्णांची.

जर्मनीला येण्याच्या दोन वर्षे आधी मी या कागदावर लिहिले होते. पुण्याच्या एका दैनिकात मी कोर्टाच्या बातम्या देत असे आणि अधूनमधून रविवारच्या पुरवणीसाठी लेख. त्या लेखात सह्यांनिशी सांगितलेल्या चमत्कारांचा हिशेबी समाचार घेताना मी आमच्या देवळातला कागद उदाहरण म्हणून घेतला. गावाचे नाव दिले नाही, अण्णांचेही नाही. पाच साक्षीदारांपैकी तिघे एकाच कुटुंबातले, दोघांचे पुढे देवस्थानशी बिनसले आणि ते गाव सोडून गेले, पाचांपैकी कोणाचीही स्वतंत्र जबानी झाली नाही, मजकूर एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी सह्या केल्या, असे चार मुद्दे होते. चारही बरोबर होते, आणि त्यांच्या जोरावर मी असल्या माणसांना फुशारकीचे साक्षीदार म्हटले होते. अण्णांनी लेख वाचला, अंक घडी करून कपाटावर ठेवला आणि माझ्याशी त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मी नास्तिक नव्हतो. गुरुवारचा उपास मी जर्मनीतही करत होतो. श्रद्धा होती आणि पुरावा मागायची सवयही होती. दोन्ही एका घरात राहत, पण एकमेकांशी बोलत नसत.

वृत्तपत्राच्या चालकांनी नवी छपाईयंत्रे शिकण्यासाठी मला पाठवले होते. मी फ्राउ लिंडेमान नावाच्या बाईंच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत राहत होतो. एकोणीसशे पन्नासचे दशक संपत आले होते. रस्त्यावर नव्या इमारती होत्या आणि मध्येच एखादी जागा युद्धात बॉम्ब पडल्यापासून रिकामी होती, तिथे गवत वाढलेले असे. बाईंचे लग्नानंतरचे पहिले घर अशाच एका रिकाम्या जागी होते. त्यांचे यजमान वाल्टर युद्धात पूर्वेकडे गेले आणि परत आले नाहीत. सरकारदरबारी ते अजून बेपत्ता होते. मृत ठरवण्यासाठी कोर्टात अर्ज द्यावा लागे आणि बाईंनी तो दिला नव्हता, कारण पुरावा एकाच माणसाचा होता.

तो माणूस म्हणजे कुंट्झ. युद्धानंतर चार वर्षांनी रशियातल्या कैद्यांच्या छावणीतून सुटून तो आला आणि थेट बाईंच्या दारात उभा राहिला. वाल्टर माझ्या शेजारच्या निजायच्या फळीवर वारला, त्याला पुरणाऱ्यांत मी होतो, असे त्याने सांगितले. शेवटचे दोन दिवस तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या प्लमच्या झाडाबद्दल बोलत होता, हेही सांगितले. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली नाही. त्यांच्या त्या पहिल्या घराच्या स्वयंपाकघराबाहेर प्लमचे झाड नव्हते. जांभळ्या फुलांचे लिलाकचे झुडूप होते. हा माणूस दुसऱ्याच कुणाचे मरण माझ्या दारात आणून टाकतो आहे, असे त्यांनी ठरवले. कुंट्झ पुढे ट्रामवर कंडक्टर झाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तो येई, कोळशाची बादली तळघरातून वर आणून देई, पाच मिनिटे उभ्याने बोले आणि जाई. दहा वर्षे हे चालू होते.

मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी कुंट्झ मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा, झाला होता. अशाच एका पहिल्या रविवारी तो पंथाचे एक जाड पुस्तक स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून गेला. त्या पंथात असे मानतात की नवरा-बायकोची गाठ मरणापलीकडेही बांधता येते, एक जण आधीच गेला असला तरी. बाईंनी ते पुस्तक उघडले, अकरा साक्षीदारांच्या निवेदनांची पहिली पाने वाचली आणि एका सकाळी माझ्यासमोर आणून ठेवले.

‘हेर रेडाक्टर,’ त्या म्हणाल्या. संपादकसाहेब, असे त्या मला थट्टेने म्हणत. ‘तुम्ही कोर्टात बसायचात ना? मग मला सांगा, ही अकरा माणसं खोटं बोलत होती का?’

‘मला का विचारता? चर्चमध्ये विचारा.’

‘पाद्री म्हणतात खोटं. कुंट्झ म्हणतो खरं. दोघांनाही काहीतरी हवं आहे. तुम्हाला माझ्याकडून भाड्याच्या खोलीपलीकडे काही नको.’ मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवले. ‘सह्यांचं मला सांगू नका. युद्धानंतर प्रत्येक जण आपण निर्दोष असल्याचे कागद गोळा करत फिरत होता. लोक त्या कागदांना धुण्याच्या पावडरीचं नाव देऊन हिणवायचे. मीही एक लिहून दिला, खालच्या मजल्यावरच्या माणसासाठी. तो सभ्य आहे, त्याने कुणाचं वाईट केलं नाही. केलं होतं. त्याची बायको माझ्यासाठी पावाच्या रांगेत उभी राहिली होती, म्हणून लिहिलं. सही काय असते, मला माहीत आहे.’

मी काम घेतले. खरे सांगायचे तर अण्णांच्या पत्राला उत्तर न देण्यासाठी मला एखादे काम हवेच होते. कुंट्झने पंथाच्या पुस्तिका दिल्या. माझा मित्र देवधर तिथल्या तांत्रिक विद्यापीठात यंत्रांवर डॉक्टरेट करत होता. त्याच्या कार्डावर मी ग्रंथालयातून विरोधकांनी लिहिलेले काढले. मग मोठा कागद घेऊन रकाने आखले, कोर्टात खटला समजून घेताना आखायचो तसे. नाव, नाते, काय पाहिले, मिळवले काय, गमावले काय, पुढे शब्द फिरवला का.

प्रकरण थोडक्यात असे. सुमारे एकशेतीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एका शेतकरी तरुणाने सांगितले की देवदूताने दाखवलेल्या जागी त्याला सोन्याचे कोरीव पत्रे मिळाले, दैवी साहाय्याने त्याने त्यांचे भाषांतर केले आणि पत्रे देवदूताने परत नेले. म्हणजे मुद्देमाल नाही. उरतात ते अकरा साक्षीदार. त्यातल्या तिघांचे म्हणणे, देवदूताने आम्हाला पत्रे दाखवले आणि ते खरे असल्याची वाणी आम्ही ऐकली. बाकी आठांचे म्हणणे अगदी व्यवहारी: देवदूत नाही, वाणी नाही, त्या तरुणाने पत्रे दाखवले, आम्ही हातात घेतले, वजन पाहिले. दोन्ही निवेदने एकत्रित आहेत. अकरापैकी जवळजवळ सगळे दोन कुटुंबांतले, कुणी भाऊ, कुणी मेहुणा, तिघे तर त्या तरुणाचे वडील आणि भाऊ.

इथपर्यंत आलो तेव्हा मला बरे वाटले. माझ्या लेखातले मुद्दे जसेच्या तसे लागू होत होते. कागद संपायला आला होता.

पण शेवटचे दोन रकाने भरताना गाडी अडली. ते पहिले तिघेच्या तिघेही पुढे त्या तरुणाशी भांडले आणि पंथाबाहेर गेले किंवा काढले गेले. आठांपैकीही काही गेले. त्या तिघांतले दोघे बऱ्याच वर्षांनी परत आले, तिसरा कधीच आला नाही. बाहेर असताना त्यांना त्या निवेदनाचा काही उपयोग नव्हता. उलट, ते खोटे होते असे एक वाक्य बोलले असते तर शेजारीपाजारी त्यांना शहाणे म्हणाले असते. तसे पहिल्या तिघांपैकी कोणी जाहीरपणे बोलल्याची खात्रीची नोंद मला सापडली नाही. ज्याला ते लबाड म्हणू लागले होते त्याच्या बाजूची साक्ष ते मरेपर्यंत देत राहिले. दुसऱ्या बाजूला, त्यांच्यातल्या काहींनी ‘हे श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहिले’ अशा अर्थाचे बोलल्याच्या ऐकीव नोंदी होत्या. त्या लिहिणारे बहुतेक विरोधक. विरोधकाची नोंद धरावी तर भक्ताचीही धरावी लागते. मी कागद उलटा केला आणि पुन्हा आखला. पुन्हा तेच आले.

देवधर एका शनिवारी कॉफी प्यायला आला आणि माझे रकाने पाहत उभा राहिला.

‘आल्झो, तर मग,’ तो म्हणाला, ‘पुण्याहून निघालास छपाईची मशिन्स शिकायला, आणि इथे अमेरिकेतल्या देवदूताची उलटतपासणी चाललीय. तुझ्या पेपरच्या चालकांना कळव, खूश होतील.’

‘देवदूताची नाही. साक्षीदारांची.’

‘गेनाऊ, अगदी बरोबर. देवदूत कोर्टात हजर नाही म्हणून साक्षीदारांवर भागवतोयस.’ त्याने कागद खाली ठेवला. ‘यांतल्या एकाला तरी भेटलास?’

‘वेड्या, शंभर वर्षं होत आली मरून त्यांना.’

‘मग मेलेल्यांना कसला धारेवर धरतोस? जो जिवंत सापडेल त्याला विचार. मी वेल्डचा जोड तपासायला फोटो नाही बघत, जोड बघतो.’

तो हसला, मीही हसलो. त्याला अण्णांच्या पत्राबद्दल काही माहीत नव्हते. तो गेल्यावर मी दौत उचलली, खालचे पत्र पाहिले आणि दौत पुन्हा ठेवली.

बाईंना मी माझे मत सांगितले. खोटे बोलले असे सिद्ध होत नाही. खरे बोलले असेही सिद्ध होत नाही. त्या थोडा वेळ भांडे पुसत राहिल्या. ‘हे तर मलाही सांगता आलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि कुंट्झ? कुंट्झचा देव मानायचा तर आधी कुंट्झचं म्हणणं मानावं लागतं, की वाल्टर गेला. ते कोणत्या रकान्यात?’ माणसे प्रामाणिक असू शकतात आणि चुकलेली असू शकतात, नातेवाईक असू शकतात आणि खरे बोलणारी असू शकतात, एवढे मला कळले होते. कळून माझे काही सुटले नव्हते. एका बाबतीत मात्र माझी खात्री झाली होती. ज्या चार मुद्द्यांवर मी आमच्या देवळातला कागद निकालात काढला होता ते चार मुद्दे काहीच निकालात काढत नव्हते. पण उलट बाजूने लिहायलाही माझ्याजवळ काही नव्हते. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी निळे हवाई पत्र घेतले आणि अण्णांना नकार लिहिला. जे मी पाहिले नाही त्याचे निवेदन लिहिणे माझ्या धंद्याच्या नियमात बसत नाही, आपण दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावे, असा त्याचा सारांश. पत्र चिकटवले, तिकीट लावले आणि कामावर जाताना टाकू म्हणून कोटाच्या खिशात ठेवले.

छापखान्याजवळच्या पेटीपाशी उतरलो तेव्हा खिशात पत्र नव्हते. ट्राममध्ये पडले असणार. मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले आणि लगेच त्याची लाज वाटली. कुणीतरी उचलून पेटीत टाकेल, पोचेल, असे म्हणून मी तो विषय संपवला. तो शुक्रवार होता.

रविवारी दुपारी कुंट्झ आला. महिन्याचा पहिला रविवारच होता. कोळशाची बादली ठेवून त्याने बाईंना नमस्कार केला आणि गणवेशाच्या कोटाच्या आतल्या खिशातून माझे निळे पत्र काढून टेबलावर ठेवले. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता होता. तो त्याच्या ओळखीचा होता.

मी आभार मानले. मग बातमीदाराच्या सवयीने विचारले, ‘अशा वेळी नियम काय आहे?’

‘गाडीत सापडलेली वस्तू डेपोत द्यायची. तिकीट लावलेलं पत्र असेल तर पेटीत टाकायचं.’

‘मग टाकलं का नाही?’

‘टाकायला गेलो होतो. पेटीचं झाकण उचललं होतं.’

‘आणि?’

‘आणि टाकलं नाही. इथे आणलं.’

‘काहीतरी वाटलं असेल तुम्हाला. आतून काही सूचना, किंवा…’

‘नाही.’ त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘काही वाटलं नाही. तुम्हाला काहीतरी हवं आहे म्हणून मी बनवून सांगू का?’

इतक्या वर्षांत कोर्टात ज्यांना ऐकत आलो त्यांपैकी फार थोड्या माणसांनी हे वाक्य उच्चारले असते. आणि हा माणूस त्या पंथाचा होता जिथे सूचना, वाणी, दर्शन यांना जागा आहे. त्याला ते म्हणणे किती सोपे होते. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हात पुसले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

‘बस, कुंट्झ,’ त्या म्हणाल्या. ‘हेर रेडाक्टर तुला विचारतील. वाल्टरबद्दल. मी ऐकेन.’

मी विचारले. फळी खिडकीपासून कितवी होती, वाल्टरचे कोणते दात पडले होते, किती जणांनी पुरले, जमीन गोठलेली होती का. तो सांगत गेला, माहीत नव्हते तिथे माहीत नाही म्हणत गेला. शेवटी प्लमच्या झाडावर आलो. तसे झाड त्या घरापाशी नव्हते, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते ना? हो. मग तो भ्रमात बोलत असेल, किंवा तुमची ऐकण्यात चूक झाली असेल. असेल. मग दहा वर्षे तुम्ही ते झाड का सोडले नाही? ते गाळले असते तर बाईंनी तुमच्यावर केव्हाच विश्वास ठेवला असता.

‘मला माहीत आहे ते,’ कुंट्झ म्हणाला. ‘पण तो प्लमचं झाड म्हणाला. फुललेलं आहे, म्हणाला. मी लिलाक म्हणू का? मला आवडेल ते त्याच्या तोंडी घातलं, तरी तो आता उठून नाही म्हणणार नाही. म्हणूनच नाही घालत.’ मग बाईंकडे न बघता म्हणाला, ‘त्या अकरांचंही मला एवढंच कळतं. बाहेर काढलं तरी तेच सांगत राहिले. बाकी तुमच्या कागदावरचं मला समजत नाही.’

बाई खिडकीकडे पाहत होत्या. या घराच्या खिडकीतून ट्रामची तार दिसे. ‘दहा वर्षं मी तुला त्या झाडावरून खोटा ठरवलं,’ त्या अखेर म्हणाल्या. ‘घर राहिलं नाही, झुडूप राहिलं नाही. लिलाक होतं याला तरी माझ्याशिवाय साक्षीदार कोण आहे?’ त्यांनी त्याच्यापुढे केकची बशी ठेवली. त्या महिन्यात त्यांनी कोर्टात अर्ज दिला. कुंट्झची जबानी जोडली, त्यात प्लमचे झाड होते. त्यांनी पंथ स्वीकारला की नाही, मला माहीत नाही. मी असेपर्यंत तरी नाही. त्या अकरांचं मला अजून कळत नाही, पण कुंट्झचं कळतं, असे त्या म्हणत.

मी खोलीत येऊन ते निळे पत्र फाडून उघडले. माझाच मजकूर वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती अगदी साधी होती. पाचांपैकी कोणाचीही स्वतंत्र जबानी झाली नाही, असे मी छापले होते. त्यातला एक साक्षीदार माझ्या घरात राहत होता. वीस वर्षे मी त्याच्या पंगतीला बसून जेवलो होतो. मी चौकटीतला कागद तपासला होता. अण्णांना मी कधी विचारलेच नव्हते.

त्याच दिवशी उजेड असेपर्यंत बसून मी दुसरे पत्र लिहिले. नकार नाही, निवेदनही नाही, फक्त प्रश्न. आपण कुठे बसला होतात? आधी कोण बोलले? महाराज आहेत हे आपल्याला कशावरून कळले? कागदात नसलेले काही आहे का? शेवटी लिहिले, जे असेल ते सांगा, मी काही गाळणार नाही आणि काही घालणार नाही.

उत्तर सोळाव्या दिवशी आले. वहिनीने वर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते: ‘भाऊजी, मामंजींनी तीन दिवस थांबून थांबून सांगितलंय, माझा हात मोडलाय, याची भरपाई जर्मनीहून आणा.’ खाली अण्णांचा मजकूर होता.

खांबाला टेकून मी बसलो होतो, पायरीला सर्वांत जवळ. माणूस आला, पायरीवर बसला. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मला भिकारी वाटला. त्याने आधी मलाच विचारले, ताक आहे का. देवळामागे आपले घर, सकाळीच घुसळण झालेली. मी उठायचा कंटाळा केला आणि नाही म्हणालो. मग तो खालच्या आळीचे बोलला आणि उठून गेला. तो गेल्यावर चौघे म्हणाले, महाराजच. मला तोवर तसे वाटले नव्हते. संध्याकाळी पाणी आले तेव्हा वाटले. सही केली तेव्हा ताकाचे घाला असे मी म्हणालो होतो. ते शोभत नाही म्हणून बाकीच्यांनी घातले नाही. तो माणूस महाराज होता, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. माणसे वाचली हे सांगू शकतो. त्याने ताक मागितले आणि घरात असताना मी नाही म्हणालो, हे शपथेवर सांगतो. तुझ्या लेखात तू आम्हाला फुशारकीचे साक्षीदार म्हणालास. माझी साक्ष एवढीच होती आणि ती कागदावर आलीच नव्हती. म्हणून तुला लिहायला सांगितले. बाकीचे कुणी लिहिणार नाही, तू लिहिशील, असे वाटले.

हे पत्र मी किती वेळा वाचले ते सांगता येणार नाही. तो महाराजांचा अवतार होता की वाटसरू, हे त्यातून कळत नाही. आधी मला थोडीफार खात्री होती, ती या पत्राने गेली. आणि आधी नव्हता तो विश्वास आला. दोन्ही गोष्टी एकदम कशा होतात, ते मला आजही मांडता येत नाही. मी अण्णांचे निवेदन लिहिले. चिंधी घातली, ताक घातले, शपथेवर सांगू शकत नाही हे घातले. माझा एकही शब्द घातला नाही. पत्र स्वतः मोठ्या पोस्टात जाऊन, खिडकीवरच्या माणसाच्या हातात दिले.

देवस्थानने ते छापले नाही. ताकाचा उल्लेख प्रसंगाला धरून नाही, असे त्यांनी कळवले. अण्णांनी त्यावर सही केली आणि दत्तजयंतीला जन्मकाळ झाल्यावर देवळाच्या पायरीवर बसून ते वहिनीकडून मोठ्याने वाचून घेतले. ऐकायला सात-आठ माणसे होती. वाचून झाल्यावर त्यांनी घरून कळशी आणवली आणि सगळ्यांना ताक दिले. ‘मला वाचताना दोनदा थांबावं लागलं,’ वहिनीने लिहिले, ‘मामंजी मात्र शांत होते. त्या दिवसापासून नीट झोपतात.’ पुढच्या चैत्रात अण्णा गेले. मला जाता आले नाही. त्या शुक्रवारचे पत्र पेटीत पडले असते तर तेच माझे त्यांना शेवटचे उत्तर ठरले असते, कारण त्यानंतर त्यांनी मला काही विचारले नसते. ते का पडले नाही, याचा एकच साक्षीदार आहे, आणि त्याला काही वाटले नव्हते.

मी त्यावर जास्त शोध घेतला नाही. ज्याला जे वाटले नाही ते त्याच्या तोंडी घालायचे नाही, एवढे मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. मीही माझ्या तोंडी घालत नाही. दत्तगुरूंनी पत्र अडवले, असे मी म्हणत नाही. पत्र अडले, आणि मी दत्तगुरूंचे आभार मानतो. ही दोन वाक्ये मी अशीच शेजारी शेजारी ठेवतो. त्यांना जोडणारा शब्द शोधण्याचे काम मी त्यांच्या पायाशी सोडून दिले आहे. सोडल्यावर मला बरे वाटले. एखाद्या गोष्टीचा निकाल आपल्याला लावायचा नाही, आपण फक्त न गाळता लिहून घ्यायचे आहे, हे कळायला मला ब्राउनश्वाइगच्या एका स्वयंपाकघरात बसावे लागले.

अण्णांची बातमी आली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी कुंट्झ आला. त्याने बादली ठेवली. मी सकाळीच दूधवाल्याच्या दुकानातून ताकाची बाटली आणून ठेवली होती. तिथे ते ताक दाट असते, पाणी घालावे लागते. मीठ घालून पेला त्याच्यापुढे धरला. कारण सांगितले नाही. त्याने पेल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तो उभ्याने सगळे प्यायला.

‘मला ताक आवडत नाही,’ पेला परत देत तो म्हणाला.

‘मग घेतलं कशाला?’

‘तुम्ही दिलं म्हणून.’

मी पेला धुऊन ठेवला. तेव्हापासून आजवर घरात असलेले काही कुणी मागितले तर मी आधी उठतो. कोण मागतो आहे, ते नंतर पाहतो, आणि कधी कधी पाहायचे राहून जाते.